जुनी हिमालयन ठेवायची की काढायची? शोरूमला जायच्या आधी एवढं करा

पाऊस ओसरला, दसऱ्याच्या ऑफर सुरू झाल्या की हा किडा वळवळायला लागतोच. खाली पार्किंगमध्ये २०१८ नाहीतर २०२० ची हिमालयन ४११ उभी असते, चाकांना ताम्हिणीचा चिखल वाळलेला, चेन सुकलेली, आणि मोबाईलवर नवीन हिमालयन ४५० चे व्हिडिओ. मग विकू का हिला, केटीएमची ३९० ॲडव्हेंचर घेऊ का, का अजून दोन वर्ष ओढू. ह्यावर ज्याला विचाराल तो स्वतःकडे जी बाईक आहे तीच घ्यायला सांगतो, त्यामुळे कुठली घ्या हे मी सांगत बसत नाही, ठरवायचं कसं ते सांगतो. उदाहरण रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ चं घेतलंय कारण माझ्या ओळखीतल्या टूरिंगवाल्यांकडे सगळ्यात जास्त तीच आहे, तुमच्याकडे दुसरी कुठली असेल तरी पद्धत हीच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी किती किलोमीटर पळालीय ह्यावर ठरवू नका आणि ती कुरकुर करतेय त्या आठवड्यात तर अजिबात ठरवू नका. आधी ती धड करा, मग एक ट्रिप मारा, मग ठरवा. लोक म्हणतात विकायच्या गाडीवर कशाला खर्च करायचा. अहो पण विकायचीय हे ठरलंय कुठे अजून? तुमची वर्षभर सर्व्हिस न झालेली, ढिल्या चेनची, बसलेल्या शॉकअपची ४११ आणि शोरूमची शून्य किलोमीटरवाली टेस्ट राईड ह्यांची तुलना कराल तर नवीन जिंकणारच, त्यात नवीन गाडीचं कौतुक काही नाही. आणि समजा विकायचीच ठरली तरी सुरळीत चालणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं, हातातून गेलेला खर्च सगळा बुडत नाही.

आधी गाडीची तब्येत

धुवून घ्या. खरंच, आधी स्वच्छ धुवा, कारण चिखलाखाली काय काय लपलेलं असतं ते कळत नाही. मग मेन स्टँडवर लावा आणि एकाला मागे कॅरिअर दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता हँडल दोन बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. बरोबर मध्ये, सरळ रेषेत आल्यावर बारीकसा खटका लागला, हँडल तिथे बसल्यासारखं झालं, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. मग दोन्ही फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा, हाताला टक टक लागलं तर कोनसेट ढिला तरी आहे नाहीतर गेलेला तरी. हा एवढासा पार्ट, पण तो गेला की गाडी घाटात वळणावर हट्टी होते, खड्ड्यात हँडल झटके मारतं, आणि मालक म्हणतो “आता जुनी झाली, कंट्रोल राहिला नाही.” जुनी नाही झाली, कोनसेट टाका.

मागचं चाक वर-खाली हलवून बघा. मोनोशॉकच्या (मागच्या एकुलत्या शॉकअपच्या) खाली जे लिंकेज, म्हणजे जोडदांडे, आहे त्याच्या बेअरिंगमधलं ग्रीस आपल्या पावसात धुवून जातं आणि बहुतेक गॅरेजमध्ये ते कुणी उघडतच नाही, कारण वेळखाऊ काम आहे आणि गिऱ्हाईकाला दिसत नाही. चाक ढिलं हलत असेल तर उघडून साफ करून ग्रीस भरायला सांगा, गरज असेल तर बेअरिंग बदला. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून मागे ओढून बघा, दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर पूर्ण सेट बदलायची वेळ आली, नुसती चेन बदलून पैसे वाचवू नका. स्पोक एकेक करून पान्याने हलकेच वाजवा, घट्ट असलेला टणकन वाजतो, ढिला ठप्प आवाज करतो, कानाला लगेच कळतं. ब्रेक कॅलिपरच्या पिना कोकणातल्या लाल चिखलाने आणि खाऱ्या हवेने जाम होतात, मग एकच पॅड झिजतं आणि डिस्क गरम होते, ते बघून घ्या. चाक हाताने फिरवल्यावर घासत थांबत असेल तर तेच.

क्लच बघायला मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये साठच्या आसपास चालवत एकदम पूर्ण ॲक्सिलेटर द्या. आरपीएमचा काटा चढला आणि स्पीड तिथेच, तर क्लच प्लेट संपल्या. इंजिनसाठी घाट उतरणं ही सगळ्यात चांगली परीक्षा. ॲक्सिलेटर सोडून इंजिन ब्रेकिंगवर खाली या आणि खाली आल्यावर ॲक्सिलेटर दिला की आरशात बघू नका, मागून येणाऱ्या मित्राला विचारा निळसर धूर आला का. आला तर ऑइल जळतंय, व्हॉल्व्ह सील नाहीतर रिंग. सोबत ऑइल लेव्हल लिहून ठेवा, हजार किलोमीटरनी परत बघा. ऑइल किती कमी झालं ह्यावरून इंजिनचं जे कळतं ते आवाजावरून कळत नाही, ४११ चा टॅपेटचा आवाज तसाही थोडा असतोच, त्यावर घाबरून जायचं कारण नाही, क्लिअरन्स सेट करून घ्या आणि मग ऐका.

शेवटी फ्रेम. टॉर्च घेऊन हँडलखालचे वेल्डिंगचे सांधे, आणि मागे जिथे पॅनिअरचे (बाजूला लावायच्या सामानाच्या पेट्यांचे) स्टँड बसवलेत तिथली सबफ्रेम. रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंज बाहेर आलेला दिसला तर ती चीर समजा. लगेज कॅरिअर तुटलं तर वेल्डिंग करून चालतं, मेन फ्रेमला चीर असेल तर वेल्डिंगवाल्याच्या भरवशावर मागे बायकोला बसवून लडाखला जाऊ नका.

आता ह्या सगळ्याची दोन गटात विभागणी करा. टायर, चेन स्प्रॉकेट, पॅड, कोनसेट, क्लच प्लेट, बॅटरी, केबल, फोर्कचे ऑइल सील, हे सगळं झिजणारंच सामान आहे. नवीन गाडी घेतली तरी काही हजार किलोमीटरनी हेच बिल येणार आहे, नवीन गाडीचं थोडं मोठंच येणार. त्यामुळे “खर्च निघालाय” हे विकायचं कारण होऊ शकत नाही. गाडीच्या तब्येतीवरून विकायची कारणं तीनच. इंजिन खोलायला आलंय, फ्रेमला मार आहे, नाहीतर वायरिंगची वाट लागलीय. हे तिसरं लोक धरत नाहीत पण माझ्या मते सगळ्यात वाईट तेच. फॉग लाईट लावणाऱ्याने मूळ वायरिंग कापून टेप गुंडाळलेली असते, मग यूएसबी चार्जरवाल्याने त्यातूनच जोड घेतलेला असतो, मग पावसात गाडी मध्येच बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी चालते. कारण सापडत नाही अशी बंद पडणारी गाडी टूरिंगला ठेवू नये, शहरात वापरा नाहीतर पूर्ण वायरिंग हार्नेस बदला. वायरिंग बदलल्यावरही तेच चालू राहिलं तर काढून टाका, त्यात भावनिक होऊ नका.

तुम्ही खरंच कुठे फिरता

इथे प्रामाणिकपणा लागतो. गेल्या वर्षी कुठे कुठे गेलात ते लिहा. प्लॅन केलेलं नाही, गेलेलं. बहुतेकांची यादी अशी निघते की रविवारी सकाळी मिसळ खायला, पावसाळ्यात एक-दोन घाट, डिसेंबरमध्ये कोकण-गोवा, आणि एखादी मोठी ट्रिप जी दोन-तीन वर्षातून एकदा होते. बाकी सगळं ऑफिस.

कोकणच्या सागरी रस्त्याने जात असाल, म्हणजे आगरदांडा-दिघी जेट्टी, मग वेश्वी-बाणकोट, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड असं करत करत, तर त्या रस्त्यावर चाळीस हॉर्सपॉवरचं काय करणार आहात? तिथे जेट्टीची वाट बघण्यात जास्त वेळ जातो. अरुंद रस्ता, वळणं, मध्येच म्हशी, चढावर लाल मातीचा खच. तिथे ४११ चं ३२ न्यूटन-मीटर टॉर्क चार-साडेचार हजार आरपीएमलाच मिळतं ते कामाला येतं, गिअर न बदलता गाडी गुरगुरत चढते. ४५० चं टॉर्क ४० आहे पण ते मिळतं साडेपाच हजाराला आणि पॉवर ४० बीएचपी आठ हजाराला, म्हणजे खालच्या आरपीएमला आळस केला की गिअर पाडावाच लागतो. हे वाईट नाही, वेगळं आहे, ज्याला इंजिन फिरवत चालवायला आवडतं त्याला मजा येते. ज्याला तिसऱ्यात टाकून समुद्र बघत जायचंय त्याने जुनीच ठेवावी.

हायवेचं गणित उलटं. ४११ नव्वदपर्यंत मजेत, शंभरच्या पुढे हाताला आणि पायाला झिणझिण्या, आणि मागे माणूस आणि सामान असेल तर ओव्हरटेक करताना ट्रकच्या बाजूला लटकल्यासारखं होतं. पाचच गिअर आहेत, सहावा शोधायला पाय जातो. तुम्ही पुणे-कोल्हापूर-बेळगाव-हुबळी असं एका दमात पिलियनसकट वरचेवर करत असाल तर ४५० ची जास्तीची ताकद आणि सहावा गिअर ही चैन नाही, ओव्हरटेक लवकर संपतो म्हणजे धोका कमी होतो. इथे मी सरळ सांगेन, बदला. पण एक लक्षात घ्या, आपल्याकडे जिथे खरा मोकळा रस्ता आहे तिथे आपल्याला सोडतच नाहीत. समृद्धीवर दुचाकी बंद, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बंद, अटल सेतूवर बंद. त्यामुळे “मला दिवसभर एकशेवीसने जायचंय” म्हणणाऱ्याने कुठल्या रस्त्यावर ते आधी सांगावं.

मग येतं लडाख-स्पिती, ज्याच्या नावाखाली निम्म्या बाईक विकल्या जातात. तिथे होतं असं की उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनला ऑक्सिजन कमी मिळतो. खारदुंग ला साधारण ५३५० मीटरवर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्याच्या आत येते. म्हणजे ४११ चे २४ हॉर्सपॉवर तिथे चौदाच्या आसपास राहतात, आणि ४५० चे चाळीस तेवीस-चोवीसच्या आसपास. नीट बघा, ४५० खारदुंग लाला जेवढी ताकद देते तेवढी ४११ कोकणात देते. एकटे जात असाल तर चौदामध्ये आरामात होतं, पहिल्या-दुसऱ्यात चढते, हजारो लोक जाऊन आलेत. दोघं जण, दोन पॅनिअर आणि वर जेरी कॅन असेल तर क्लच जाळत जाणार, आणि रस्ता खराब असेल तर मागच्याला उतरून चालावं लागणार. पण ही ट्रिप दर वर्षी होते का? तीन वर्षातून एकदा होत असेल तर लेहला विमानाने जाऊन तिथे भाड्याने बाईक घ्या. एक सूचना, भाड्याची बाईक लेहचीच घ्या, मनालीहून भाड्याने नेलेली बाईक लेहवाले पुढे फिरवू देत नाहीत. स्वतःच्या नावावरची बाईक मात्र चालते, ती रेल्वे पार्सलने दिल्ली किंवा चंदीगडपर्यंत पाठवून पुढे चालवत नेतात लोक. तीन लाखाची गाडी एका ट्रिपसाठी घेण्यापेक्षा दोन्ही पर्याय स्वस्त.

वजन आणि तुमची कंबर

बाईक बदलायचं हे कारण लोक उघड बोलत नाहीत. वय पस्तीसचं पंचेचाळीस झालं, कंबर बोलायला लागली, पार्किंगमधून मागे ढकलताना दम लागतो. मग उपाय म्हणून ४५० घेतात. बीएस६ वाली ४११ भरते १९९ किलो आणि ४५० भरते १९६. तीन किलो! तुमची अडचण वजन असेल तर ती ४५० ने सुटत नाही. सीटही ४११ ची ८०० मिलिमीटर, ४५० ची खालच्या सेटिंगला ८२५. समतल जागी हा इंच जाणवत नाही, उतारावर मागे कुणीतरी चढत असताना पाय टेकायला गेलं आणि जमीन लागली नाही की जाणवतो.

एक टेस्ट करा, हिरवळीवर किंवा मऊ मातीत बाईक मुद्दाम आडवी करा (पेट्रोल थोडंच ठेवा, क्रॅश गार्ड असू दे) आणि एकट्याने उचला. गिअरमध्ये टाका म्हणजे घरंगळणार नाही, पाठ सीटला लावा, एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने मागची ग्रॅब रेल, आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं टाकत मागे ढकलत उभी करा. कंबरेने ओढू नका. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उभी करून दुसऱ्या बाजूला पाडाल. हे एकदा जमलं, दुसऱ्यांदा जमलं नाही, तर तुम्हाला मोठी नाही हलकी बाईक पाहिजे. हिरोच्या एक्सपल्ससारखी. हायवेला ती रडेल, पण जिथे एकटे जाता तिथून एकट्याने परत याल. हा सल्ला कुणाला आवडत नाही हे मला माहितीय, कारण मोठ्या बाईकवरून छोट्यावर यायला इगो आडवा येतो.

पैशाचं

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदललाय आणि त्याने सगळं गणित फिरवलंय. ३५० सीसीपर्यंतच्या बाईकला २८ चा १८ टक्के झाला, आणि ३५० च्या वरच्यांना आधी सेस धरून ३१ टक्के होता तो थेट ४० झाला. म्हणजे ४५० तीन लाखाच्या पुढे गेली, तीही एक्स-शोरूम. ही गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात लाँच झाली तेव्हा २ लाख ६९ हजारापासून होती. वर रोड टॅक्स टक्क्यात आहे, म्हणजे किंमत वाढली की तोही वाढतो. आणि नवीन दुचाकीला थर्ड पार्टी इन्शुरन्स पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, ३५० सीसीच्या वर त्याचा २०२२ मध्ये ठरलेला दर १५,११७ रुपये आहे, जीएसटी वेगळा. जुन्या गाडीला तोच वर्षाला २,८०४.

आता कागद घ्या. समजा नवीन ऑन-रोड ३ लाख ७० हजार, जुनीचे तुम्हाला मिळतायत १ लाख २०. खिशातून जाणार अडीच लाख. वर क्रॅश गार्ड, पॅनिअर स्टँड, विंडशील्ड, सीट, कारण ४११ चं सामान ४५० ला बसत नाही, जुनं स्वतंत्र विकायला काढलंत तर मातीमोल जातं. लोन असेल तर व्याज. समजा सगळं धरून तीन लाख, आणि नवीन गाडी पाच वर्ष ठेवणार, म्हणजे वर्षाला साठ हजार. दुसऱ्या बाजूला जुनी पूर्ण धड करायला समजा चाळीस हजार लागले आणि पुढे दर वर्षी नेहमीपेक्षा दहा हजार जास्त लागले. आकडे तुमचे टाका, पण बाजू ह्याच ठेवा. फरक जो उरतो तो “नवीन गाडीची मजा”, तिची किंमत वर्षाला अमुक एवढी आहे हे कळल्यावर घ्यायची तर जरूर घ्या, हौसेला मोल नसतं म्हणतात पण ईएमआय असतो.

पाच वर्षांनी नवीनही जुनीच होणार हेही धरा. इन्शुरन्स कंपनी आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरायची गाडीची किंमत, काढताना चार ते पाच वर्षाच्या गाडीला पन्नास टक्के घसारा लावते. तुमच्या ४११ चा मोठा घसारा होऊन गेलाय, ती आता वर्षाला फारशी पडत नाही. ठेवण्याच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आणि शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

पेट्रोलचा मुद्दा पण विचारतात. १ एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पार्ट ई२० ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) धरून आहेत, आधीच्यांचे नसतील. म्हणून विकून टाकायची गरज नाही, पण रबरी होज, सील वेळेवर बदला, आणि पावसाळाभर गाडी झाकून ठेवायची सवय असेल तर ती मोडा. इथेनॉल पाणी ओढतं, महिनोन्महिने टाकी अर्धी भरून उभी राहिली की खाली पाणी साचतं आणि पंपाला त्रास होतो. आठवड्यातून एकदा फिरवून आणा.

पार्टचं काय

४११ २०२३ च्या शेवटी बंद झाली, तिच्याच इंजिनवरच्या स्क्रॅम ४११ ची जागा सुद्धा जानेवारी २०२५ मध्ये स्क्रॅम ४४० ने घेतली. म्हणून “पार्ट मिळणार नाहीत” अशी भीती घालतात. भीतीवर जाऊ नका, स्वतः जाऊन विचारा. पार्ट काउंटरला जा आणि पाच नावं सांगा: कोनसेट, क्लच प्लेट, फ्युएल पंप, मीटर आणि मागचा शॉकअप. प्रत्येकाला किंमत किती आणि किती दिवसात येईल. पहिले दोन बहुतेक समोरच्या फळीवर असतील. मीटर आणि शॉकअपला “ऑर्डर टाकावी लागेल साहेब” म्हणतील, तेव्हा किती दिवस ते नीट विचारा. पंधरा दिवस म्हणाले तर काही बिघडत नाही, जून ते सप्टेंबर आहेच की. तीन महिने आणि तेही नक्की नाही म्हणाले तर तुमच्या निर्णयात तो मुद्दा वजनदार धरा. बीएस३ कार्ब्युरेटरवाली असेल तर एक फायदा आहे, तालुक्याच्या मिस्त्रीलाही ती उघडता येते. दोष मात्र हा की उंचीवर जेटिंगची, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं प्रमाण जुळवायची, कटकट होते.

आणि तुमचा मिस्त्री कोण आहे हेही बघा. ज्याच्याकडे गाडी टाकल्यावर तो आधी चालवून बघतो आणि मग बोलतो, “दादा हिला काही नाही झालेलं, लिंकेज उघडू एकदा”, असा माणूस हाताशी असेल तर जुनी गाडी ठेवायला काहीच भीती नाही. असा माणूस नसेल आणि तुम्हाला स्वतः पाना धरायची आवड नसेल तर वॉरंटीतली नवीन गाडी घेतलेली बरी, मनस्ताप वाचतो.

टेस्ट राईड

सेल्समन मागे बसलेला, सोसायटीला एक चक्कर, ही टेस्ट राईड नव्हे. दोन दिवस भाड्याने घ्या, पुण्या-मुंबईत मिळतात. भाडं जास्त वाटेल पण तीन लाखापुढे ते काहीच नाही. जी मागे बसणार आहे तिला घेऊन जा, तिचंच मत अर्ध्याहून जास्त महत्त्वाचं, मागची सीट दोन तासांनी कशी वाटते ते पुढच्याला कधीच कळत नाही. तुमचंच सामान बांधा. तुम्ही नेहमी जाता तोच घाट, वरंधा म्हणा नाहीतर आंबेनळी, तिकडूनच जा, आणि त्याच आठवड्यात तोच रस्ता दुरुस्त केलेल्या जुन्या गाडीवर परत करा. हा क्रम महत्त्वाचा. नवीननंतर जुनी चालवताना जे खटकतं तेच खरं, “ब्रेक कमी वाटला”, “ओव्हरटेकला विचार करावा लागला”, “गुडघे भरून आले”, ते लिहून ठेवा. काही खटकलंच नाही, फक्त स्क्रीन आवडली होती, तर दोनशे रुपयाचा मोबाईल होल्डर घ्या आणि विषय संपवा.

नवीनच्याऐवजी वापरलेली ४५० घ्यायचा पर्याय पण बघा. हौसेने घेऊन वर्षात विकणारे असतातच, पहिला घसारा त्यांनी भरलेला असतो. सर्व्हिसच्या नोंदी मागा, वर सांगितलेली तपासणी तिलाही तशीच करा. फक्त एक, भारतात ती सुरुवातीला ट्यूबवाल्या स्पोक व्हीलवर आली, ट्यूबलेस स्पोक नंतर मिळायला लागले. त्यामुळे घेताना व्हील कुठली आहेत बघा. पुढे २१ इंच आहे, त्या मापाची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाही, जवळ बाळगावी लागते, ४११ लाही हेच.

विकायचं ठरलंच तर

कागद आधी. लोन संपलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लावून आरसीवरचा बोजा उतरवून घ्या, गिऱ्हाईक समोर उभं असताना हे सुचतं आणि व्यवहार अडतो. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसलेली पाहिजे, नाहीतर नाव बदलायचं काम अडतं. थकलेली ई-चलनं भरून टाका. गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असेल तर आरटीओची एनओसी वेगळी लागते, त्याला वेळ लागतो हे त्याला आधीच सांगा.

एक्सचेंजला शोरूममध्ये देणं सोपं आहे पण पैसे कमी मिळतात, ओळखीत किंवा ऑनलाईन विकलीत तर जास्त, पण वीस फोन आणि “लास्ट किती?” झेलावे लागतात. मी ओळखीत विकायच्या बाजूचा आहे. लगेज स्टँड, क्रॅश गार्ड गाडीसोबतच द्या, नवीन गाडीला ते बसणार नाहीत आणि फोटोत त्यांनीच गाडी उठून दिसते.

इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. नवीन मालकाला तो देऊन टाकू नका. विकल्यावर कंपनीकडून ह्या बोनसचं (एनसीबीचं) पत्र घ्या आणि नवीन गाडीच्या पॉलिसीत लावा, पाच वर्ष क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये निम्मी सूट मिळते. हे शोरूमवाला स्वतःहून विचारेल ह्या भरवशावर राहू नका.

मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे फॉर्म एजंटच्या हातात देऊ नका, नाव, तारीख, किंमत भरूनच सही. गाडी दिली त्या दिवशी तारीख आणि वेळ टाकून डिलिव्हरी नोट करा, दोघांच्या सह्या, त्याच्या आधारची झेरॉक्स. लोक सहा सहा महिने नाव बदलत नाहीत आणि चलनं आपल्या मोबाईलवर येत राहतात, ॲक्सिडेंट झाला तर पोलीसही आरसीवरच्या नावाकडेच येतात. एमपरिवहन ॲपवर नवीन मालकाचं नाव दिसेपर्यंत तो कागद जपून ठेवा आणि दुसरी किल्ली शक्यतो तोपर्यंत देऊ नका.